टोपडं, झाकण की माकड? 'बॉनेट'चं मराठीत काय करायचं?

सह्यवेडी (धागा)

मुलांसाठी सह्याद्रीतल्या प्राण्यांची छोटी पुस्तिका मराठीत आणतेय. मूळ इंग्रजीतला 'बॉनेट मकॅक' (डोक्यावरचे केस बॉनेटसारखे, म्हणजे टोपीसारखे दिसणारं आपलं माकड) कच्च्या अनुवादात 'बॉनेट माकड' झाला होता. तिसरीतल्या भाचीला तो मजकूर वाचायला दिला, तर तिने त्याखाली जीप काढली आणि जीपच्या पुढच्या झाकणावर माकड बसवलं. तिचं काहीच चुकलं नाही. मराठीत बॉनेट म्हणजे गाडीचंच.

इंग्रजीत एका शब्दाला दहा अर्थ असले, तरी दहाही ठिकाणी आपण तोच शब्द उचलून आणायचं कारण नाही. बाळाच्या हनुवटीखाली बंद बांधून घालतात ते टोपडं. पाठीवर रुळते ती कुंची. एवढे नेमके शब्द घरात असताना अनुवादांत 'बाळाचं बॉनेट' वाचलं की जीव तुटतो. तसंच या माकडाला 'टोपीवालं माकड' म्हणावं, असं माझं मत आहे. विरोध असेल तर जरूर मांडा, पुस्तिका अजून छापायला गेलेली नाही.

गिअरबॉक्स

टोपडं, कुंची मान्य. पण 'बॉनेट' परका म्हणून बाजूला सारू नका. मराठीने त्याला स्वतःचा अर्थ दिलाय. ज्यांनी जुन्या एसटीतून प्रवास केलाय त्यांना आठवेल, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनावरचा तो उंचवटा, वर जाड रेक्झिनचं आवरण. गर्दी असली की कंडक्टर सांगायचा, "बॉनेटवर बसा." उन्हाळ्यात चटके बसायचे, थंडीत पहाटेच्या गाडीला तीच जागा आधी भरायची. गिअर टाकताना ड्रायव्हरचा हात गुडघ्याला लागायचा, म्हणून पाय आखडून बसावं लागे. हा अर्थ आपण प्रवास करून कमावलाय.

'लाइन' बघा. तिकिटाची लाइन, वीज गेली की 'लाइन गेली', आणि मुंबईत सेंट्रल लाइन. कुणाचा गोंधळ होतो का? बॉनेटचाही होणार नाही. लिहीत राहा, माकडालाही चिकटेल.

सह्यवेडी

'लाइन' लोकांच्या तोंडून आली, 'बॉनेट माकड' फक्त कागदावरून येतंय. एसटीचं बॉनेट मला मनापासून पटलं, पण ते तुमच्या नाही, माझ्या बाजूने बोलतं. शब्द रुजला तो वस्तूवर बसल्यावर.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत गाडीचं बॉनेट म्हणजे 'हूड', आणि ब्रिटिश माणसाच्या गाडीचं 'हूड' म्हणजे उघड्या गाडीचं दुमडणारं कापडी छप्पर. इंग्रजी बोलणाऱ्यांचंच जिथे एकमत नाही, तिथे आपण त्यांचा शब्द प्रमाण का मानायचा? धागाकर्तीशी सहमत.

एडिनबराहून

अर्धा सहमत. टोपडं सरसकट वापरू नका. इथे स्कॉटलंडमध्ये बॉनेट ही पुरुषांची, बिनकाठाची चपटी लोकरी टोपी. १७४५ च्या बंडात जेकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचे) सैनिक निळी बॉनेट घालून, त्यावर पांढरी फीत लावून लढले. त्यांच्या डोक्यावर 'टोपडी' चढवली तर सगळा प्रसंगच बिघडेल. 'निळी टोपी' लिहा. शिडाच्या जहाजांवर तर बॉनेट म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला दोरीने ओवून जोडायचा कापडाचा पट्टा. वारा मंद असला की जोडायचा, वाढला की काढायचा. तिथे 'जोडशीड' म्हटलं तरी वाचकाला कळेल. संदर्भ पाहूनच शब्द निवडावा लागतो, त्याला पर्याय नाही.

रानवाटा

मला 'टोपीवालं' सुद्धा पटत नाही. टोपी युरोपियनांच्या डोळ्यांना दिसली. श्रीलंकेतल्या याच्या जवळच्या भावंडाला त्यांनी 'टोक मकॅक' केलं, 'टोक' हीसुद्धा एक टोपीच. आंबोलीच्या रस्त्याला कठड्यावर बसलेलं माकड जवळून पाहा. कपाळ उघडं, त्याच्या वर मधोमध भांग आणि भोवऱ्यातून चहूबाजूंना पसरलेले केस. शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा, त्यातल्या 'रेडिएटा'चा अर्थच किरणांसारखं फाकलेलं. या नावात टोपी कुठेच नाही.

नुसतं 'माकड' ठेवलं तर? काळ्या तोंडाचं ते वानर, हे माकड, एवढा फरक गावात सगळे करतात.

गिअरबॉक्स

नुसतं 'माकड' चालणार नाही. उत्तरेकडचं आखूड शेपटीचं ऱ्हीसससुद्धा माकडच, आणि ते दक्षिणेकडे सरकत आपल्या माकडाची जागा घेतंय. आपलं माकड दक्षिण भारताबाहेर कुठेच नाही, आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत आता ते 'असुरक्षित' आहे. दोघांना एकच नाव दिलं तर मुलांना हे सांगणार कसं? म्हणून म्हणतोय, बॉनेट ठेवा. जगभर जे नाव चालतं त्याच्याशी मूल जोडलेलं राहील.

सह्यवेडी

वेगळं नाव हवं, हे पटलं. बॉनेट नाही पटलं. रानवाटा, टोपी मी मागे घेते. 'भांगाचं माकड' लिहितेय. शेजारी ऱ्हीससचं चित्र देईन, म्हणजे भांग आणि शेपटी दोन्ही ताडून बघता येतील. शास्त्रीय नाव देवनागरीत खाली.

गिअरबॉक्स

माझा विरोध कायम. पण ती दोन चित्रं शेजारी शेजारी नक्की छापा.