स्कॉटलंडमध्ये खायला काही नाही, हे मला मान्य नाही

माधुरी_एडिंबरा
इकडे फिरायला येणारे बरेच मराठी लोक पिझ्झा आणि फिश अँड चिप्सवर दिवस काढतात आणि घरी जाऊन "तिकडे खाण्यासारखं काही नाही" असं सांगतात. हे अन्यायाचं आहे. इथली हवा थंड, ओलसर, उन्हाळा तोकडा. गव्हापेक्षा ओट्स आणि बार्लीच बरे पिकतात, आणि समुद्र जवळ. त्यातून उभं राहिलेल्या जेवणात मसाले कमी, पण धुराचा वास आणि मिरीचा तिखटपणा भरपूर.

माझं मत असं की सुरुवात हॅगिसने (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाच्या प्रसिद्ध स्कॉटिश पदार्थाने) करूच नका, कलन स्किंकने करा. ईशान्य स्कॉटलंडमधल्या मोरे किनाऱ्यावरच्या कलन गावाचं हे दाट सूप. धुरी दिलेला हॅडॉक मासा दुधात शिजवायचा, काटे काढायचे, मग त्याच दुधात बटाटा आणि कांदा. थोडा बटाटा ठेचला की आपोआप दाटपणा येतो. हॅडॉक पिवळा रंगवलेला नको, फिकट, बिनरंगाचाच घ्या. सोबत पाव असला की पूर्ण जेवण होतं.

दर्यावर्दी
मासे आणि दूध एकत्र? आयुर्वेदात हा विरुद्ध आहार सांगितलाय आणि आमच्या मालवणातही कुणी असलं करणार नाही. त्यात बिनमसाल्याचा मासा! आजारी माणसाचं जेवण वाटतं.

माधुरी_एडिंबरा
दादा, तुमचा नियम तुम्ही पाळा, मी आग्रह करणार नाही. मग आर्ब्रोथ स्मोकी खा, त्यात दूध नाही. खारवलेल्या हॅडॉकची जोडी शेपटीला बांधून काठीवर टांगतात, खाली लाकडाचा जाळ आणि वरून ओली पोती. धुरातच मासा शिजतो, त्यामुळे तसाच हाताने सोडवून खाता येतो. २००४ मध्ये त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. आर्ब्रोथपासून साधारण ८ किलोमीटरच्या आत केलेल्या माशालाच ते नाव लावता येतं. सुक्या माशांवर वाढलेल्या माणसाला हा आवडणार नाही, असं मला वाटत नाही.

इतिहासवेडा
माशांचं ठीक आहे, पण हॅगिसला मागे ढकलणं पटलं नाही. मेंढीचं हृदय, काळीज, फुप्फुस, ओट्स, चरबी, कांदा, मिरी, सगळं जठराच्या पिशवीत शिजवलेलं. जनावराचा एकही भाग वाया न घालवणारं हे गरिबांचं शहाणपण आहे. वजडी आवडीने खाणाऱ्या मराठी माणसाने नाक का मुरडावं?

दर्यावर्दी
मुळात ते स्कॉटिश तरी आहे का? १४३० च्या सुमाराची जुनी पाककृती इंग्लंडमधल्या लँकेशायरची आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८६ मध्ये त्यावर कविता केली म्हणून एवढा मान.

इतिहासवेडा
पाककृती तिथे लिहिली गेली, मान्य. पण इंग्लंडमध्ये ती मागे पडली, इथे टिकली. २५ जानेवारीला बर्न्सच्या जयंतीला आजही हॅगिस वाजतगाजत पंगतीत आणतात, सोबत ठेचलेला पिवळा सलगम आणि बटाटा. माझ्या मते पदार्थ जो जपतो त्याचा. बटाट्यातला मऊपणा आणि हॅगिसमधली भरड, मिरमिरीत चव एका घासात घ्या, मग बोला.

सई_पुणे
आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी या चर्चेत काहीच नाही का?

माधुरी_एडिंबरा
आहे ना, सई. एडिंबरात १९८४ पासून शाकाहारी हॅगिस बनतंय. डाळी, ओट्स, गाजर, बिया, आणि मिरी तितकीच. स्टोव्हीज मात्र विचारून घ्या. बटाटा-कांद्याचा साधा पदार्थ दिसतो, पण तो बहुतेक वेळा मांसाच्या चरबीत शिजवतात आणि त्यात उरलेलं मांसही असतं.

दर्यावर्दी
स्मोकी खाऊन बघेन, शब्द देतो. दुधातल्या माशाबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.