मदत हवी आहे: आजोबांचा जुना रेझर एका बाजूने मऊ चालतो, दुसऱ्या बाजूने ओरबाडतो

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गळा कापून घेतल्यावर लिहायची वेळ आलीये. (तसा गळा नाही हो, घाटीपाशी दोन बारीक चिरा. पण कॉलर गेली ती गेलीच.)

झालं असं की आजोबांच्या दाढीच्या डब्यात त्यांचा रेझर सापडला. दोन्हीकडे धार असलेलं ब्लेड बसतं तसला, दांड्याच्या बुडाशी एक खाचाखाचांची चकती आहे ती फिरवली की वरची दोन दारं उघडतात, लहानपणी आम्ही भावंडं त्याला फुलपाखरू म्हणायचो आणि उघडझाप करताना सापडलो म्हणून धपाटे पण खाल्लेत. निकेल बऱ्यापैकी शाबूत आहे, कडांना तेवढं पितळ डोकावतंय. कंपनीचं नाव पार झिजलंय.

पंधरा वर्षं कार्ट्रिज (पात्यांसकट अख्खं डोकंच बदलायचं तसला रेझर) वापरलं, शेवटी शेवटी पाच पात्यांचं. गाल गुळगुळीत व्हायचे पण गळ्यावर कायम लाल पुळ्या, केस आतल्या आत वळून बसायचे, चिमट्याने उकरून काढायचो. एकच पातं असलेल्या रेझरने हे कमी होतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलं म्हणून म्हटलं आहेच घरात तर शिकूया. नवीन ब्लेडं आणली, ब्रश आणला, साबण आणला आणि गेल्या तीन आठवड्यांत नऊ वेळा दाढी केली. नऊपैकी सात वेळा रक्त.

आता नेमकी अडचण सांगतो. रेझरची एक बाजू व्यवस्थित चालते, कर्र कर्र असा बारीक आवाज येतो, केस जातात, त्रास काही नाही. पण फेस भरला म्हणून रेझर फिरवून दुसरी बाजू लावली की जणू दुसऱ्याच कुणाचा रेझर हातात दिलाय, ओरबाडत जातो, आवाज पण वेगळा, आणि कापतं ते नव्वद टक्के वेळा त्याच बाजूने. आधी वाटलं ब्लेड खराब असेल, बदललं, तेच. दुसऱ्या कंपनीचं लावलं, तेच.

दुसरं म्हणजे कोन. सगळे म्हणतात ब्लेड कातडीशी तीस अंशात ठेवा. अहो पण गालावर ठीक आहे, जबड्याच्या हाडावरून खाली वळताना तीस अंश कशाशी मोजायचे? तिथे माझा हात आपोआप दाबतो, मला कळतं की दाबतोय, तरी दाबतो. आणि गळ्यावर तर केस कुठल्या दिशेने उगवतात तेच समजत नाही. खालून वर ओढला तर आग होते, वरून खाली ओढला तर निम्मे केस तसेच.

रेझर बाद झालाय का हातच बाद आहे एवढं कुणीतरी सांगा. नवीन रेझर घ्यायला हरकत नाही पण हा सोडवत नाहीये.

प्रतिसाद:

ब्लेड लावल्यावर रेझरच्या डोक्याकडे वरून सरळ बघितलंत का? दोन्हीकडे ब्लेडची कड सारखी बाहेर दिसते का? फोटो टाका.

प्रतिसाद:

हात पण आणि रेझर पण, दोन्ही थोडेथोडे. :)

आधी रेझरचं बघू. एक बाजू चांगली आणि दुसरी वाईट याचा अर्थ बहुतेक वेळा ब्लेड तिरकं बसलंय किंवा एक दार पूर्ण मिटत नाहीये. ब्लेड फक्त ०.१ मिमी जाड असतं, त्याला वरून नीट दाबून ठेवणारं कुणी नसेल तर केस आला की ते थरथरतं आणि ओरबाडल्यासारखं वाटतं. जुन्या उघडत्या रेझरमध्ये दारांच्या आतल्या बाजूला साबणाचा थर साचून दगड झालेला असतो, बाहेरून दिसत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब टाका, अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने दारांच्या आत, बिजागरीपाशी घासा. उकळू नका, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवू नका, ब्रासो (पितळ घासायचं पॉलिश) तर लांबच ठेवा, मुलामा पातळ असतो, निघाला की परत येत नाही. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (दुसऱ्याचा रेझर आहे, आजोबांचा असला तरी) आणि चकतीच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब.

ब्लेड लावताना दारं जवळजवळ मिटू द्या, मग बिनधारेच्या दोन टोकांना बोटांनी हलकं धरून सरळ करा आणि तसंच धरून शेवटचा पीळ द्या. पाना घेऊन आवळल्यासारखं नको, जुन्या यंत्राची वाट लागते.

कंपनी जिलेट असेल आणि अमेरिकेत बनलेला असेल तर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा शोधा. साधारण १९५० नंतरच्या रेझरवर अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही, उदाहरणार्थ ई ३ म्हणजे १९५९ ची तिसरी तिमाही. ब्लेडची काळजी नको, किंग कॅम्प जिलेटला असल्या रेझरचं पेटंट मिळालं १९०४ साली आणि आजचं ब्लेड त्या काळातल्या रेझरमध्येसुद्धा बसतं. कार्ट्रिजचं बघा, १९७१ ला दोन पात्यांचं आलं आणि तेव्हापासून पाती वाढतायत आणि खाचा बदलतायत. असो, हा माझा जुना राग आहे.

आता हात. अंश विसरा. रेझरचं डोकं वरच्या बाजूने गालावर सपाट टेका, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर. आता ओढता ओढता दांडा हळूहळू खाली आणा. एका जागी ब्लेड केस पकडतं आणि आवाज येतो, तोच तुमचा कोन. जबड्यावर मनगट वळवू नका, उलट कातडी वर गालाकडे ओढा म्हणजे जबड्याखालचा भाग हाडावर सपाट येतो, तिथे सपाट जागेसारखंच करा. दांडा अगदी शेपटीशी धरा, तीन बोटांत. तिथून धरलं की दाबायची ताकदच राहत नाही. कार्ट्रिजला स्प्रिंग असते, बिजागरी असते, तुमचा दाब ते पोटात घालतं, हा बापडा सगळा दाब थेट कातडीवर देतो.

प्रतिसाद:

मी पायांसाठी हाच प्रकार वापरते, त्यामुळे दाढीवाल्यांच्यात तोंड घालू का नको असं झालं, पण घोटा आणि गुडघा म्हणजे तुमचा जबडाच की. माझं कापणं थांबलं ते दोन गोष्टींनी. फटकारे अगदी छोटे, दोन सेंटिमीटरचे, लांब ओढलं की शेवटी कोन बिघडतोच. आणि फेसात पाणी वाढवलं. फुगलेला पांढराशुभ्र फेस दिसतो छान पण कोरडा असतो, रेझर अडतो. ब्रशची टोकं पाण्यात बुडवून परत घोळवायचं, फेस चकाकला पाहिजे.

गळ्याचं म्हणाल तर एक दिवस दाढी करू नका, दुसऱ्या दिवशी बोट सगळ्या दिशांनी फिरवून बघा, जिकडे खरखर लागते ती उलटी दिशा, लागत नाही ती सुलटी. माझ्या भावाच्या गळ्यावर डावीकडचे केस चक्क आडवे कानाकडे जातात, हे त्याला वयाच्या चाळिशीत कळलं. महिनाभर फक्त सुलटं करा, राहिले केस तर राहू देत. जिथे कापेल तिथे ओली तुरटी दाबून धरा, चोळू नका.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार, चार दिवसांनी लिहितोय कारण मध्ये एक दिवस दाढी न करायचा आदेश होता.

रेझर भिजवला. टूथब्रशने घासताना डाव्या दाराच्या आतून एक पापुद्रा सुटला, नखाएवढा, पिवळट पांढरा, चुन्यासारखा कडक. बोटात धरून उजेडात बघितला तर त्यात केस, बारीक बारीक पांढरी खुंटं अडकलेली. आजोबांची. त्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत. मी बेसिनपाशी तसाच उभा, बायको विचारतेय काय झालं आणि मला सांगता येईना. शेवटी पाण्यात सोडला, ठेवून तरी काय करणार.

ते दार आता टक् असा आवाज करून मिटतं, आधी हा आवाजच यायचा नाही हे आत्ता लक्षात आलं. वरून बघितलं तर दोन्हीकडे कड सारखी. अक्षर सापडलं नाही, भिंगाने बघितलं, म्हणजे बहुतेक दुसरी कुठलीतरी कंपनी असावी.

गळ्यावर बोट फिरवलं. उजवीकडे सरळ खाली, डावीकडे ताईंच्या भावासारखंच आडवं, आणि घाटीच्या खाली एक भोवरा आहे! पंधरा वर्षं मी त्या भोवऱ्यावरून नांगर फिरवत होतो.

आज सकाळी शेपटीशी धरून, छोटे फटकारे, फक्त सुलटं. दोन्ही बाजू सारख्या चालल्या. रक्त एकदाच, हनुवटीखाली, तेसुद्धा फोन वाजला म्हणून. गळा दुपारपर्यंत किंचित खरखरीत झाला पण आग नाही.

आता एकच राहिलं. ब्लेड किती दाढ्यांनी बदलायचं? मी चौथ्या दाढीला आहे आणि डाव्या गालावर थोडं ओढल्यासारखं वाटतंय, का हा माझाच दाब परत आला?

प्रतिसाद:

ओढायला लागलं की बदला, मोजत बसू नका. राठ दाढीला तीन, मऊ असेल तर पाच सहा पण जातात. जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, पत्र्याच्या डब्याला चीर पाडा आणि त्यात सोडत जा. आणि फोन बाथरूमच्या बाहेर.