यू१६ दुरुस्त केला आणि मोटर स्टारमध्येच अडकायला लागली

कुपवाडचा पॅनलवाला

मंडळी, नमस्कार. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कोडमधली नावंसुद्धा देवनागरीतच टाकली आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही शेतीपंपाचे स्टार-डेल्टा पॅनल बनवतो, म्हणजे मोटर आधी कमी जोराच्या स्टार जोडणीत सुरू करून मग पूर्ण जोराच्या डेल्टावर नेणारे. आतलं कंट्रोल कार्ड गेली अनेक वर्षं ८०५१ या जुन्या ८ बिटांच्या चिपवर होतं. नवं कार्ड कॉर्टेक्स-एम० या ३२ बिटांच्या चिपवर केलंय. पण जुनी कार्डं दुरुस्तीला येतच राहणार, म्हणून लॉजिकचा कोड एकच ठेवायचा आणि दोन्ही चिपसाठी तोच कंपाइल करायचा असं ठरलं. हे काम माझ्याकडे आहे.

जुन्या कोडमध्ये टाइप्स.एच अशी एक फाइल आहे. त्यात यू८ म्हणजे अनसाइन्ड कॅर, यू१६ म्हणजे अनसाइन्ड इंट, यू३२ म्हणजे अनसाइन्ड लाँग (अनसाइन्ड म्हणजे उणे आकडे न धरणारा). ८०५१ वर इंट १६ बिटांचा, त्यामुळे तिथे सगळं नीट बसतं. कॉर्टेक्सवर इंट ३२ बिटांचा. पहिल्याच दिवशी आरएस-४८५ या सिरीयल तारेवरून जाणारी माहितीची फ्रेम बिघडली. चार यू१६ असलेलं स्ट्रक्चर ८ बाइटचं हवं, तर साइझऑफ (माप सांगणारा ऑपरेटर) १६ दाखवतोय. मी स्टडइंट.एच (ठरावीक मापाच्या टाइपांची सी ची हेडर फाइल) घेतली आणि यू१६ ला युइंट१६_टी जोडला. फ्रेम लगेच सुरळीत झाली. मला वाटलं, झालं काम.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एका शेतकऱ्याचा फोन आला: "साहेब, मोटर लागली, पण पाणी जोरात फेकत नाही, आवाज पण जड येतोय." जाऊन बघितलं तर स्टारचा दिवा लागलेला, डेल्टाचा नाही. पाच सेकंदांनी डेल्टा पडायला हवा. मी घड्याळ लावून दोन मिनिटं उभा राहिलो, पडलाच नाही. मोटरच्या बॉडीला हात लावला तर चांगलीच तापलेली. बंद करून पुन्हा बटण दाबलं, तर पाच सेकंदांत टक करून डेल्टा पडला. पुढच्या आठ-दहा वेळा सगळं ठीक, मग पुन्हा एकदा स्टारमध्ये अडकली.

एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो. लाईट आल्यावर कार्ड ३० सेकंद थांबून ऑटोवर मोटर लावतं. ऑटोवर हा प्रकार एकदाही झालेला नाही. हातानं बटण दाबून सुरू केली की मधूनच होतो. आणि ८०५१ च्या कार्डावर हाच कोड वर्षानुवर्षं चाललाय, तिथे कधीच नाही.

कोड एका ओळीचा आहे: जर (टिक_आत्ता - स्टार_सुरू >= स्टार_वेळ) तर डेल्टा. तिन्ही यू१६. टिक दर मिलिसेकंदाला एकनं वाढतो, स्टार_वेळ ५०००.

माझ्या फ्रेमच्या दुरुस्तीमुळे हे झालं का? दुसरं म्हणजे, टाइपची नावं आपली ठेवावीत की स्टडइंटची? जुन्या कंपायलरबरोबर स्टडइंट येतच नाही. आणि त्याच फाइलमध्ये खाली तीन गोष्टी आहेत, त्यांवरही नजर टाका: बिट(न) म्हणजे (१ << न), मॅक्स(अ, ब) नेहमीचा प्रश्नचिन्हवाला, आणि बूल म्हणजे यू८.

स्कोपवाली

तुमच्या दुरुस्तीमुळेच झालं, पण दुरुस्ती बरोबर होती. यू१६ चुकीचा होता तोवर ही ओळ चुकून बरोबर चालत होती.

सी भाषेत इंटपेक्षा लहान टाइप गणितात आला की आधी त्याचा इंट होतो, म्हणजे चिन्हासहित इंट. ८०५१ वर युइंट१६ हा इंटपेक्षा लहान नाही, त्याच रुंदीचा आहे. म्हणून तिथे वजाबाकी अनसाइन्डच राहते: टिक_आत्ता ५, स्टार_सुरू ६५५३०, उत्तर ११. हेच आपल्याला हवं असतं. कॉर्टेक्सवर युइंट१६ इंटपेक्षा लहान. दोन्ही आकडे आधी ३२ बिटांचे साइन्ड इंट होतात, मग वजाबाकी: ५ वजा ६५५३०, उत्तर उणे ६५५२५. हे ५००० पेक्षा मोठं कसं होणार?

आता तुमची मोटर. समजा बटण दाबलं तेव्हा टिक ६४००० होता. टिक ६५५३५ च्या वर जात नाही, म्हणजे फरक जास्तीत जास्त १५३५. मग टिक शून्यावर येतो आणि फरक एकदम उणे होतो. टिक पुन्हा ६४००० वर पोचला की फरक पुन्हा शून्यापासून १५३५ पर्यंत, परत उणे. ५००० कधीच होत नाही. दोन मिनिटं काय, दोन दिवस उभे राहिला असता तरी डेल्टा पडला नसता. बटण टिकच्या शेवटच्या ५००० मध्ये दाबलं गेलं की मोटर अडकली. ६५५३६ ला ५००० नं भागा: साधारण तेरा वेळांतून एकदा. तुम्ही म्हणताय ती आठ-दहा वेळा याच्याशी जुळते.

ऑटोवर का होत नाही, तेही यातच आहे. लाईट आल्यावर टिक शून्यापासून सुरू होतो, ३० सेकंदांनी तो ३०००० च्या आसपास असतो. स्टार दर वेळी तिथूनच सुरू होतो आणि ३५००० ला सुटतो. हे निरीक्षण तुम्ही लिहिलं नसतं तर मी कॉन्टॅक्टरच्या (मोटरची जोडणी बदलणाऱ्या स्विचच्या) वायरिंगवर संशय घेतला असता.

आणि मधल्या काळात, यू१६ जेव्हा अनसाइन्ड इंट होता, तेव्हा कॉर्टेक्सवर टिकच ३२ बिटांचा होता. तो ४९ दिवसांनी गुंडाळला जातो, म्हणजे परत शून्यावर येतो, आणि अनसाइन्ड असल्यामुळे गुंडाळतानाही उत्तर बरोबर देतो. म्हणून काही दिसलं नाही.

इलाज: वजाबाकीचं उत्तर परत यू१६ मध्ये आणायचं. (यू१६)(टिक_आत्ता - स्टार_सुरू) >= स्टार_वेळ. पण हे कास्ट प्रत्येक ठिकाणी हातानं लिहू नका. लोटला_वेळ असं एक छोटं फंक्शन करा, ते यू१६ परत देईल, आणि सगळ्या कोडमध्ये फक्त तेच वापरा. तिथेच आणखी एक गोष्ट सांभाळा: ८०५१ वर १६ बिटांचा टिक दोन वेळा वाचून मिळतो, खालचा बाइट आणि वरचा बाइट. मध्येच टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून टिक वाढवणारा) आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हातात येतो. कॉर्टेक्सवर ही वाचणी एकाच दमात होते. म्हणून इंटरप्ट बंद-चालू करणारी मॅक्रो चिपवार पोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. एम० वर ती रिकामी असली तरी चालेल.

आता तुमच्या तीन मॅक्रो.

बिट(न) कॉर्टेक्सवर चालेल, जुन्या कार्डावर घात करेल. १ हा तिथे १६ बिटांचा साइन्ड इंट. तो १५ घरं सरकवला की उणे ३२७६८, आणि तो यू३२ च्या अलार्म शब्दात टाकला की हेक्समध्ये एफएफएफएफ८००० होतो. म्हणजे एक बिट लावायला गेलात आणि १५ ते ३१ असे सतरा बिट लागले. बिट(१६) ला तर हाती काहीच भरवशाचं येत नाही. ((यू३२)१ << (न)) असं लिहा, न भोवतीचा कंसही विसरू नका. ८०५१ वर ३२ बिटांची सरकवणी महाग पडते ही शंका येईल. न हा आकडा असेल तर कंपायलर ते आधीच मोजून टाकतो. लूपमध्ये न बदलत असेल तर मात्र बिट८ आणि बिट१६ वेगळे ठेवा.

मॅक्स मध्ये अ दोनदा लिहिलेला असतो, म्हणून तो दोनदा मोजला जाऊ शकतो. मॅक्स(एडीसी_वाच(), कमाल) लिहिलंत की तुलना एका रीडिंगची आणि साठवण दुसऱ्याच रीडिंगची. करंटच्या रीडिंगला हे परवडत नाही. टाइपवार स्टॅटिक फंक्शन करा.

बूल यू८ असेल तर बूल दोष = अलार्म & बिट(८) हे नेहमी शून्य येणार. आठवा बिट यू८ मध्ये मावतच नाही. सी९९ चा खरा बूल याचं १ करतो. जुन्या कंपायलरवर तो नसेल तर प्रत्येक ठिकाणी != ० लिहायची सवय लावा.

नावांबद्दल माझं मत ठाम आहे: स्टडइंटचीच नावं. १९९९ पासून ती भाषेत आहेत, नवा माणूस आला तर त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. जुन्या कंपायलरसाठी त्याच नावाची हेडर फाइल स्वतः लिहा, आणि टाइपडेफच वापरा, डिफाइन नको. शेवटी मापाची तपासणी घाला. स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच अट तपासणारी सोय) नसेल तर अॅरेची युक्ती: माप बरोबर असेल तर लांबी १, नसेल तर उणे १. उणे लांबीचा अॅरे कंपाइल होत नाही. फ्रेमचं स्ट्रक्चर ८ बाइटचं आहे का हेही असंच तपासता आलं असतं.

स्टुटगार्टहून

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त नावांबाबत दुसरी बाजू मांडतो. गाड्यांच्या कामात ऑटोसार या सॉफ्टवेअरच्या मानकाची नावं चालतात: युइंट८, युइंट१६, सिंट१६, शेवटी टी नाही. ती एका प्लॅटफॉर्म_टाइप्स.एच मध्ये असतात आणि प्रत्येक चिपबरोबर तेवढी एक फाइल बदलते. मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीत डायरेक्टिव्ह ४.६ आहे. तिचं म्हणणं एवढंच की नुसता इंट, लाँग न वापरता माप आणि चिन्ह सांगणारी नावं वापरा. ती नावं तुमची की स्टडइंटची, याची तिला पर्वा नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये यू१६, युइंट१६_टी आणि वर्ड असे तीन संसार मात्र नकोत. लायब्ररी आणताना हेच होतं.

नुसत्या कॅरवर आकडे ठेवू नका. कॉर्टेक्ससारख्या एआरएम चिपवर तो सहसा अनसाइन्ड असतो, पीसीवर साइन्ड. तापमान उणे ५ ठेवलंत तर टेबलावरच्या सिम्युलेटरमध्ये उणे ५ आणि कार्डावर २५१.

तपासणीसाठी एक सांगतो. लिनक्स कर्नलमध्ये टिकचा काउंटर मुद्दाम असा सुरू करतात की बूटनंतर पाच मिनिटांत तो गुंडाळला जावा. ४९ दिवस वाट बघण्यापेक्षा दोष त्याच दिवशी सापडतो. तुमचा टिक शून्याऐवजी ६५००० पासून सुरू करा.

इन्व्हर्टरवाला

थोडं बाजूचं, पण पुढे उपयोगी पडेल. मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) सी२००० चिपवर काम करतो. तिथे कॅरच १६ बिटांचा असतो. साइझऑफ युइंट१६_टी म्हणजे १, आणि युइंट८_टी हा टाइप अस्तित्वातच नाही. म्हणजे ८ बिटांचा एक बाइट ठेवला तरी तो १६ बिटांची अख्खी जागा घेतो. अशा चिपवर फ्रेम स्ट्रक्चरवर थेट कॉपी करून चालत नाही. एकेक बाइट शिफ्ट करून आकडा जुळवायचा, ८ घरं वर आणि ऑर. हे एकदा लिहिलंत की एंडियनचा (कुठला बाइट आधी, याचा) प्रश्नही तिथेच मिटतो, ८०५१ च्या कंपायलरांमध्ये तो असतोच.

कुपवाडचा पॅनलवाला

ताई, आणि बाकी सगळ्यांनाही मनापासून धन्यवाद. आज दिवसभर हेच केलं.

टेबलावर कॉन्टॅक्टरऐवजी दोन दिवे जोडले आणि टिक ६५००० पासून सुरू केला. जुन्या कोडवर स्टारचा दिवासुद्धा लागला नाही. ऑटोची ३० सेकंदांची वाट बघण्याची ओळही तशीच लिहिलेली आहे, ती संपतच नव्हती. लोटला_वेळ फंक्शन घातलं, तिसाव्या सेकंदाला स्टार, पस्तिसाव्याला डेल्टा. मग टिकची सुरुवात वेगवेगळ्या आकड्यांवर ठेवून चाळीस वेळा लावलं, एकदाही अडकलं नाही. सगळ्या कोडमध्ये शोधलं तर अशा सात जागा निघाल्या. त्या शेतकऱ्याकडे उद्या सकाळी नवं कार्ड घेऊन जातोय.

बिट आणि बूल बदलले. फ्रेम आता शिफ्ट करून जुळवतो. नावं स्टडइंटचीच ठेवली, जुन्या कंपायलरसाठी हेडर लिहिली, अॅरेच्या तपासणीसकट.

हे करताना नव्या कंपायलरनं एक वॉर्निंग दिली, ती आधी मी पाहिलीच नव्हती: ९०००० चा आकडा बदलून २४४६४ होतोय. ती ओळ ड्राय रनची आहे, म्हणजे पाण्याविना चालणारा पंप करंटवरून ओळखण्याची. पंप लागल्यावर पहिले ९० सेकंद करंट कमी असला तरी दुर्लक्ष करायचं, कारण फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर पाणी उचलायला वेळ लागतो. कोडमध्ये लिहिलंय ९० * १०००, आणि ठेवलंय यू१६ मध्ये. ८०५१ वर तर गुणाकारच १६ बिटांत होतो. म्हणजे जुन्या प्रत्येक कार्डात ही सूट ९० नाही, साडेचोवीस सेकंदांची होती. "पाणी असताना ड्राय रन दाखवतंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही फूटव्हॉल्व्ह बदलायला सांगत आलोय.

नव्या कोडमध्ये ही वेळ आणि ती मोजणारा टिक दोन्ही यू३२ मध्ये नेले, ९०यूएल * १०००यूएल असं लिहून. दुरुस्तीला आलेल्या जुन्या कार्डांची वही काढली आहे. त्यात ड्राय रनच्या तक्रारी किती आहेत ते मोजतोय.