बिठूर कोणी बुडवलं, इंग्रजांनी की पेन्शननी?

गंगूताई_बारामतीकर:
आधीच सांगते, शिव्या पडणार आहेत, पडू देत. कानपूरला कामासाठी गेले होते तिथून बिठूर करून आले, गंगेच्या काठी जेमतेम २०-२५ किमी. नानाराव पेशवा स्मारक बघितलं, बाग पुतळे वगैरे ठीकठाक, पण पेशव्यांचा वाडा म्हणून जे दाखवतात ते विटांचे चार तुकडे. जो तो एकच सांगतो, १८५७ ला इंग्रजांनी गाव बेचिराख केलं. केलंच. पण माझं म्हणणं असंय की गाव त्याआधी सहा वर्षं संपलेलं होतं. १८१८ ला बाजीराव दुसरा इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला ८ लाख पेन्शन ठरली आणि त्याला बिठूरला आणून बसवलं. मागोमाग भिक्षुक, कारकून, आचारी, नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक असे हजारो लोक देशावरून कोकणातून तिथे गेले आणि अख्खं गाव एका माणसाच्या पगारावर जगायला लागलं. तीर्थक्षेत्र सोडलं तर गावाचं स्वतःचं उत्पन्न काय होतं? १८५१ ला बाजीराव गेला, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मुलाला म्हणजे नानासाहेबांना पेन्शन नाकारली, झालं, विषय संपला. १८५७ ने फक्त आग लावली. आपण आगीवर रडतो पण ३३ वर्षं तिथे टिकाऊ असं काय उभं केलं हे कोणी विचारत नाही.

तोफखाना:
वा ताई, म्हणजे घर जाळणारा सुटला आणि घरमालकाने विमा का काढला नाही म्हणून त्याच्यावर केस. तारखा बघा जरा. १७ जुलै १८५७ ला इंग्रज सेनापती हॅवलॉक कानपुरात शिरला, दोन-तीन दिवसांत त्याची माणसं बिठूरला, वाडा जाळला. १६ ऑगस्टला परत बिठूरलाच लढाई. डिसेंबरमध्ये तात्या टोपे कानपूरला हरल्यावर दुसरा इंग्रज सेनापती होप ग्रँट आला आणि त्याने देवळं पाडली. एकाच गावावर पाच महिन्यांत तीन फेऱ्या. देवळांना पण पेन्शन होती का?
आणि गाव कंगाल होतं म्हणता तर हे ऐका, याच होप ग्रँटच्या लोकांनी विहीर उपसून उपसून नानासाहेबांच्या घरची सोन्याचांदीची भांडी नि नाणी वर काढली, दिवसेंदिवस ते काम चाललं होतं. बाजीरावाने मागे २८ लाख ठेवले हे तर पेन्शन नाकारताना डलहौसीचंच कारण होतं. एवढा पैसा असलेलं गाव सहा वर्षांत मरतं होय?

गंगूताई_बारामतीकर:
अहो तेच तर म्हणतेय मी!! पैसा विहिरीत होता. गावात नव्हता. बरं, पत्थर घाट बघितलाय का तुम्ही, लाल दगडाचा, गंगेत उतरत गेलेला? अवधचा दिवाण टिकैतराय याने बांधलेला. तो आजही उभा आहे, लोक त्याच्यावर आंघोळी करतात. आपल्या वाड्याचं काय राहिलं?

तोफखाना:
तो पाडला नाही म्हणून उभा आहे. वाडा पाडला म्हणून तो उरला नाही. यात कळण्यासारखं अवघड काय आहे.

सरळसोट:
मधेच तोंड घालतो. दोघंही बीबीघर शब्द टाळताय, म्हणजे इंग्रज बायका-मुलांना कोंडलेलं घर. १५ जुलैला कानपुरात तिथल्या सुमारे दोनशे जणांना कापून विहिरीत टाकलं, हॅवलॉक पोचायच्या आदल्या दिवशीपर्यंत नानासाहेबांचीच सत्ता होती तिथे, १ जुलैला बिठूरला पेशवाईची द्वाही फिरवून झाली होती. हुकूम कोणी दिला यावर अजून भांडणं आहेत, भांडा, पण राज्य आपलं आणि जबाबदारी दुसऱ्याची असं कसं चालेल? बिठूरवर तीन फेऱ्या का झाल्या याचं उत्तर तिथे आहे.

कानपुरी_मराठी:
सरळसोट, बीबीघराचं समर्थन मी कधीच करणार नाही, पण क्रम पण पूर्ण सांगा. १५ जुलैच्या आधीच इंग्रज अधिकारी नीलने अलाहाबादेत आणि त्याने पुढे पाठवलेल्या रेनॉच्या तुकडीने कानपूरच्या रस्त्यावर झाडाझाडाला माणसं टांगली होती, गावंच्या गावं जाळली होती, तेव्हा कुठलं बीबीघर झालं होतं? आणि नंतर त्याच नीलने पकडलेल्यांना फाशीआधी तिथलं रक्त चाटायला लावलं.
आता मूळ मुद्दा. आमची कितवी पिढी कानपुरात ते मलाही नीट माहीत नाही, मराठी घरात बोलतो, चुका काढू नका. ताई, तुमचं अर्धं पटतं. गाव वाड्यावर जगत होतं हे खरंच. पण वाडा गेल्यावर अशी गावं हळूहळू दुसरा धंदा शोधतात, बिठूरला ती संधीच मिळाली नाही हो. १८५७ नंतर सरकारचा सगळा पैसा कानपूरला. लष्करासाठी खोगीर-चामड्याचा कारखाना, १८६४ ला एल्गिन मिल, पुढे गिरण्याच गिरण्या. बिठूरला काय, तर संशय. नानासाहेबांवर १ लाखाचं बक्षीस, ते नेपाळच्या जंगलात, तात्यांना एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी. आमची आजी सांगायची की तिच्या सासरी जुनी माणसं वाड्याशी संबंध होता हे पाहुण्यांसमोर बोलत नसत, कुठल्या शाहू-फडणीसांच्या काळातले नाही, अगदी तिच्या लग्नानंतरची गोष्ट.
आणि बीबीघराच्या विहिरीवर संगमरवरी देवदूत उभारला, बाग केली, खर्च कानपूरवर दंड लावून काढला आणि त्याच बागेत हिंदुस्थानी माणसाला प्रवेश नाही. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत चर्चच्या आवारात हलवला आणि बागेला नानाराव पार्क नाव दिलं. मेलेल्यांची आठवण ठेवायला सुद्धा बिठूरला स्वातंत्र्यापर्यंत कोणी परवानगी दिली नाही, मग टिकाऊ काय उभं राहणार होतं?

सरळसोट:
रेनॉचं मान्य, ते लिहायला हवं होतं. जबाबदारीचं तरीही मान्य नाही.

तोफखाना:
कानपुरी +१. ताई, तुमच्या हिशोबाने तर डलहौसीचे आभारच मानायला पाहिजेत, आळशी गावाला शिस्त लावली म्हणून.

गंगूताई_बारामतीकर:
डलहौसीचे आभार कोण मानतंय, १८५७ नंतरचं कानपुरींनी लिहिलंय ते पटलं मला, संशयाखाली कुठलं गाव वाढत नाही. पण त्यामुळे आधीची ३३ वर्षं माफ होत नाहीत. ८ लाखाने गुणा, अडीच कोटींच्या वर जातात, १८५१ च्या आधीचे अडीच कोटी. इंग्रजांना जाब विचाराच, पण बाजीरावाला हिशोब विचारला की आपल्याला लगेच राग का येतो?