म्युटेशनचा निर्णय यंत्राने दिला तर?

सत्तरीकर: जमिनीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या निघतो. मग म्युटेशन म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावबदल, दाखले, योजनांची छाननी यातही एआय आणायला हरकत काय? ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात 2013 पासून आहे, तरी फाईल कुठे अडली हे कळायला ओळखीचा माणूस लागतोच. यंत्राला निदान वशिला कळत नाही.

फोंड्याची माई: वशिला कळत नाही, तसं गावही कळत नाही, बाब. जुन्या कागदांवर कामतांचे कामोतीम, प्रभूंचे पोरोबो. आधारवर भलतंच. मूळ खातेदार कधीच वारलेला, वारसांची नावं चढलेलीच नाहीत. मुरलेला कारकून चार कागद ताडून म्हणतो, हा तोच. यंत्र म्हणणार, नाव जुळत नाही.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत हजारो पालकांवर फसवणुकीचा शिक्का बसला. धोका मोजणाऱ्या प्रणालीत परकीय नागरिकत्वही धरलं जात होतं. जानेवारी 2021 मध्ये तिथले पंतप्रधान रुट्टे यांचं सरकार त्यापायी गेलं. पोर्तुगालात जन्मनोंदणी करून तिथलं नागरिकत्व मिळवलेल्या गोंयकारांनी हे जरूर वाचावं.

सत्तरीकर: मुरलेल्या कारकुनाचं कौतुक पुरे हो! बनावट कागदपत्रांवर जमिनी लाटल्याच्या तपासाला 2022 मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. ते कागद काय एआयने रंगवले होते? संगणकात नोंद कुणी, कधी बदलली याची खूण तरी ठेवता येते.

बार्देशी: खूण ठेवाल, पण नियम कुणी घातला? ऑस्ट्रेलियात सरकारी भत्त्यांची वसुली काढणाऱ्या रोबोडेट या स्वयंचलित योजनेने वर्षाच्या कमाईची सरासरी काढून ती पंधरवड्यांवर वाटली आणि हंगामी काम करणाऱ्यांच्या नावावर नसलेली थकबाकी काढली. ती खोटी आहे हे सिद्ध करायचं कुणी? ज्याला नोटीस आली त्याने. 2023 मध्ये चौकशी आयोगाने योजनेचे वाभाडे काढले. ‘सरासरी काढा’ हे खरं तर धोरण, पण ते सॉफ्टवेअरमधून आलं. आपल्याकडे असले नियम पर्वरीत विधानसभेत येणारच नाहीत, टेंडरच्या अटींत ठरून मोकळे होतील. माझा विरोध यंत्राला नाही, या चोरवाटेला आहे.

सत्तरीकर: हे पटलं. मग अशी अट घाला: नकार द्यायचा तर अधिकाऱ्यानेच, कारण लिहून, स्वतःच्या सहीने. मंजुरी मात्र यंत्राला देऊ द्या, लोकांचे खेटे वाचतील.

फोंड्याची माई: रहिवासी दाखल्याला चालेल. म्युटेशनला नाही. तिथे एकाची मंजुरी म्हणजे भावकीतल्या दुसऱ्याचं नाव उडालं. हरकतीची नोटीस कुणाकुणाला काढायची, एवढं तरी मामलेदार कचेरीतल्या माणसाने ठरवावं.