मदत हवी आहे: कंबरेच्या इंजेक्शनआधी पेशंटला गोळ्यांबद्दल कसं विचारता?

नमस्कार ताई-दादांनो. मी लातूरला एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे आता सी-आर्मखाली (टेबलावरच चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. पालथं झोपवून पोटाखाली उशी, बीपी, पल्स ऑक्सिमीटर, दुखरी बाजू पेशंटच्याच तोंडून वदवून घेणं, हे अंगवळणी पडलंय. अडतंय ते आधीच्या विचारपुशीत.

परवा केजकडचे एक आजोबा आले. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. टेबलावर घेताना बंडीच्या खिशातून अर्धी स्ट्रिप पडली. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करणारीच गोळी! "ही तर छातीची गोळी हाय की, बाई." सरांनी लगेच थांबवलं. सुईच्या जागी रक्त वाहत राहून ते मणक्यात साकळलं आणि नसा दबल्या तर पाय कायमचे जाऊ शकतात. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. ही गोळी साधारण 7 दिवस आधी बंद करतात, तीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

मी आता फोनवरच सांगते, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." तुम्ही काय करता? कुणाकडे साध्या मराठीतली प्रश्नांची यादी असेल तर कृपया टाका.

अजून एक. स्टेरॉइडनंतर काही दिवस शुगर वाढते, हे सांगूनही लोक तपासत नाहीत. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाया इंजेक्शननंतर पायाला येणारा जडपणा उतरायच्या आत एसटी गाठायला उठतात. त्यांना कसं थांबवता?