मदत हवी आहे: एक डॉक्टर म्हणतात 'फ्रेल', दुसरे म्हणतात 'ठणठणीत'

वेदांगी_क: वडील ७९ वर्षांचे आहेत आणि त्यांची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन मिनिटे पाहून प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले. भूलतज्ज्ञांनी मात्र कागदावर '६' लिहून 'फ्रेल' (म्हणजे वयोमानाने शरीर खचलेले, ताण कमी झेपणारे) असा शेरा मारला. यांपैकी कोणाचे मानावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

अनुस्वार: ६ कशापैकी? १ ते ९ ची क्लिनिकल फ्रेल्टी स्केल असेल, तर ६ म्हणजे घराबाहेरच्या सर्व कामांत आणि घर सांभाळण्यात मदत लागते, अनेकदा आंघोळीलाही. वडिलांना तशी मदत लागते का?

जुना_वाटाड्या: त्या आकड्यात तपासणाऱ्याचा अंदाज फार असतो. त्यापेक्षा २००१ सालचे फ्रीड यांचे निकष लावून घ्या: नकळत घटलेले वजन, थकवा, हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि हालचालीचे प्रमाण. पाचांपैकी तीन लागू पडले तर फ्रेल, एक-दोन असतील तर त्याच्या उंबरठ्यावर. माझ्या सासऱ्यांचा निर्णय यावरच झाला.

अनुस्वार: ज्याचा गुडघाच झिजला आहे, तो हळू चालणार आणि कमी हिंडणार. म्हणजे पाचांतले दोन निकष सांध्यामुळेच भरले. त्यावरून सगळे शरीर खचले आहे असे कसे म्हणता येईल?

जुना_वाटाड्या: म्हणूनच पकड मोजतात. नुसत्या नजरेने ठरवण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

सुमन_मावशी: प्रथिने वाढवा आणि रोज खुर्चीतून उठ-बस करायला लावा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

वेदांगी_क: मावशी, आहाराचा प्रश्न नव्हता. आंघोळ, कपडे, औषधे सारे वडील स्वतःच पाहतात. जिन्याला तेवढा कठड्याचा आधार लागतो. भूलतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा ते न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होते, त्यामुळे त्या दिवसांत त्यांना उठवून बसवावे लागत होते.

अनुस्वार: अहो, हे पहिल्याच ओळीत हवे होते! या स्केलवर आजारपणातली अवस्था धरायची नसते, आजाराच्या साधारण दोन आठवडे आधी माणूस कसा होता ते धरायचे असते. तो ६ कोणत्या काळाचा, हे भूलतज्ज्ञांना सरळ विचारा आणि पूर्ण बरे वाटल्यावर पुन्हा तपासायला सांगा.

निशिगंध७: वृद्धरोगतज्ज्ञांकडून सर्वांगीण मूल्यमापनही करून घ्यावे, त्यात स्मृती, औषधांची यादी, तोल आणि पोषण एकत्र पाहतात. शिवाय फ्रेल ठरले म्हणून शस्त्रक्रिया रद्दच होते असे नाही, आधीची तयारी आणि नंतरची देखभाल त्यानुसार आखतात. शस्त्रचिकित्सक सांधा पाहतात आणि भूलतज्ज्ञ शरीराला ताण किती झेपेल ते पाहतात, त्यामुळे दोघांना एकाच वेळी समोर बसवता आले तर उत्तम.

वेदांगी_क: तारीख पुढे ढकलायला शस्त्रचिकित्सक तयार होतील का?

जुना_वाटाड्या: ही शस्त्रक्रिया तातडीची नसते, त्यामुळे मागून तर पाहा. आणि पकड मोजून घ्याच.